नकार द्यायचा असेल तर लिहून द्या : दिव्यांग प्रवासी, विमान कंपनी आणि व्हीलचेअर

प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझा भाऊ २७ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणे थोडे अडखळते, पण समजते. घडीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरतो, नोकरी करतो. पुढच्या महिन्यात त्याला पुण्याहून बंगळुरूला एकट्याने जायचे आहे. विमान कंपनीला फोन केला तर म्हणाले, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणा, सोबत माणूस हवाच, आणि बॅटरीचे विमानतळावर बघू. हे बरोबर आहे का? खुर्ची मोडली तर भरपाई कोण देणार? पुढे ऑफिस त्याला जर्मनीला पाठवणार आहे, तिथे काय?"

ताई, फोनवर मिळालेली तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. प्रमाणपत्राची आणि सोबत्याची अट नियमात बसत नाही. तिसरे उत्तर सगळ्यांत घातक. बॅटरीचे 'विमानतळावर बघू' म्हणून सोडले की तिथे बघणारा माणूस बहुतेक वेळा खुर्ची मागे ठेवायलाच सांगतो.

मी बरीच वर्षे विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली. आता दिव्यांग प्रवाशांना अर्ज आणि तक्रारी लिहून देतो. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा विषय पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे नियमांची वानवा नाही, पण काउंटरवरच्या मुलाला ते नियम माहीत नसतात. तो मुलगा वाईट नसतो. उड्डाणाची वेळ त्याच्या मानगुटीवर बसलेली असते आणि 'उद्या काही झाले तर कोणाचे नाव येणार' ही भीती असते. तोंडी 'नाही' म्हणायला त्याला काहीच लागत नाही. तेच कागदावर लिहून द्या म्हटले की त्याला ड्यूटी मॅनेजरला विचारावे लागते, आणि मॅनेजरला बहुधा नियम ठाऊक असतो. खाली जे सांगतो आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते : मागायचे ते लेखी मागा, आणि नकारही लेखीच घ्या.

आता नियम काय म्हणतो ते. मुख्य कागद दोन. पहिला, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दुसरा, डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा 'सीएआर', म्हणजे विमान कंपन्यांना बंधनकारक असलेली नियमावली : सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट १. हा दुसरा कागद भावाच्या फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा, कारण काउंटरवर कायद्यापेक्षा तोच जास्त कामाला येतो. कायद्याचे नाव घेतले की समोरचा बिचकतो आणि भांडण वाढते. डीजीसीएचा परिच्छेद दाखवला की त्याला कळते, आपल्याच खात्याचा कागद आहे.

या सीएआरची पहिलीच अट अशी आहे की दिव्यांग प्रवासी, त्याची साधने, त्याचा सोबती किंवा गाइड डॉग यांना विमान कंपनी नाकारू शकत नाही. प्रवाशाने बुकिंगच्या किंवा चेक-इनच्या वेळी आपली गरज सांगितलेली असली म्हणजे झाले. दुसरी गोष्ट, ज्याला फक्त विमानतळावर, चढता-उतरताना आणि विमानात थोड्या वाजवी मदतीची गरज आहे, त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्राचा किंवा विशेष फॉर्मचा आग्रह धरायचा नाही. वैद्यकीय फॉर्म, ज्याला आम्ही मेडिफ म्हणतो, तो आजारी माणसासाठी असतो : स्ट्रेचरवरचा रुग्ण, विमानात ऑक्सिजन लागणारा, संसर्गजन्य रोग झालेला. सेरेब्रल पाल्सी ही जन्मापासूनची किंवा बालपणापासूनची अवस्था आहे, विमानात बसल्याने ती बळावत नाही. पण कॉल सेंटरला 'व्हीलचेअर' आणि 'पेशंट' हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो.

हा गोंधळ किती महागात पडू शकतो ते एका खटल्यात दिसते, आणि तो खटला तुमच्या भावाच्या बाबतीत तंतोतंत लागू आहे. जीजा घोष या कोलकात्याच्या कार्यकर्त्या, त्यांनाही सेरेब्रल पाल्सी. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्या कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेने गोव्यात परिषद भरवली होती, तिचे त्यांना निमंत्रण होते. स्पाइसजेटच्या विमानात त्या आपल्या जागेवर बसलेल्याही होत्या. कर्मचाऱ्यांनी त्यांना खाली उतरवले. त्या आणि 'अडॅप्ट' मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०१६ रोजी निकाल लागला : कोणत्याही डॉक्टरचा सल्ला न घेता त्यांना उतरवले हे चूक, कंपनीने १० लाख रुपये भरपाई द्यावी. न्यायालयाने हा प्रश्न दया-करुणेचा धरला नाही, प्रतिष्ठेचा धरला. हे निकालपत्र जमल्यास मुळातून वाचा. न्यायालयाचे निकाल सहसा रुक्ष असतात, हा नाही.

एवढे होऊनही ७ मे २०२२ रोजी रांची विमानतळावर तेच घडले. इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. मूल घाबरले आहे, इतरांना धोका होईल, असे कारण दिले. सहप्रवाशांमध्ये डॉक्टर होते, त्यांनी मदत देऊ केली, तरी ऐकले नाही. आई-वडीलही मग मागे राहिले. डीजीसीएने कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सीएआरमध्ये दुरुस्ती केली. ही दुरुस्ती तुमच्या हातातले सगळ्यांत चांगले शस्त्र आहे. ती म्हणते, दिव्यांगत्वाच्या आधारावर नकार देता येणार नाही. प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल अशी शंका कंपनीला आली, तर डॉक्टरने त्या प्रवाशाला समोरासमोर तपासायचे आणि तो प्रवासाला योग्य आहे की नाही हे स्पष्ट सांगायचे. त्यानंतरच कंपनीने निर्णय घ्यायचा, आणि नकार असेल तर तो कारणांसह तत्काळ लेखी कळवायचा.

म्हणजे काउंटरवर अडवले तर भावाने आवाज चढवायची गरज नाही. एवढेच म्हणायचे : "तुमचा निर्णय तोच असेल तर डॉक्टरांना बोलवा आणि कारण कंपनीच्या कागदावर लिहून द्या." त्याचे बोलणे अडखळते म्हणता, तर हे वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत छापून जवळ ठेवू दे. माझा अनुभव असा की हे वाक्य उच्चारल्यावर दहातल्या आठ अडचणी तिथेच विरघळतात. उरलेल्या दोनांसाठी तक्रारीची जागा आहे, ती शेवटी सांगतो.

सोबत माणूस हवाच, या अटीबद्दल. नियम असा : जेवण, संवाद, शौचालय आणि वैयक्तिक गरजा यांत आपण स्वावलंबी आहोत असे प्रवाशाने सांगितले, तर कंपनीने सोबत्याचा आग्रह धरायचा नाही. 'संवाद' या शब्दाला घाबरू नका. फोनवर टाइप करून दाखवणे, चित्रांचा तक्ता वापरणे, हाही संवादच. वाजवी सोय करून जो संवाद होतो तो संवादच धरायचा असतो. शौचालयाचा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे पाहा. पुणे-बंगळुरू हे दीड तासाचे उड्डाण, लहान विमानातले शौचालय कपाटाएवढे. भाऊ स्वतःच्या खुर्चीवरून कमोडवर एकटा जाऊ शकत असेल तरी विमानात त्याला ते जमेलच असे नाही. तेवढा वेळ तो काढू शकतो का, हा त्याचा निर्णय आहे, आणि बहुतेक जण विमानतळावरच्या प्रशस्त स्वच्छतागृहात आधी जाऊन येतात. पण जर्मनीच्या आठ-नऊ तासांत हे चालणार नाही. तेव्हा खरेच मदत लागत असेल तर 'मी स्वावलंबी आहे' असे लिहून देऊ नका. हवाई सुंदरी खाणे उघडून देईल, शौचालयाच्या दारापर्यंत नेईल. आत मदत करणे हे तिचे काम नाही, आणि ते तिच्याकडून मागूही नये.

आता बुकिंग. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी लढाई इथेच जिंकता किंवा हरता येते. वेबसाइटवर 'व्हीलचेअर हवी' असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करून लोक निर्धास्त होतात. त्या टिकमागे आमच्या सिस्टिममध्ये एक कोड पडतो, आणि विमानतळावरचा प्रत्येक माणूस फक्त तो कोड वाचतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानात आपल्या जागेपर्यंत चालता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, थेट सीटपर्यंत न्यावे लागते. चौकोनावर नुसती टिक केली की बऱ्याचदा पहिलाच कोड पडतो. मग विमान एरोब्रिजला, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराशी नेणाऱ्या बोगद्यासारख्या पुलाला, न लागता दूर उभे असले की बस येते, जिना येतो, आणि कर्मचारी म्हणतो, "सर, दोन पायऱ्या तर आहेत." तुमच्या भावाला डब्ल्यूसीएचसी लागेल असे वाटते. ते शब्दशः सांगा आणि तिकिटावर छापून आले आहे का पाहा. शिवाय स्वतःची खुर्ची नेत असल्याचा वेगळा कोड असतो : हाताने ढकलायच्या खुर्चीला डब्ल्यूसीएमपी, लिथियम बॅटरीच्या खुर्चीला डब्ल्यूसीएलबी. हा दुसरा कोड नसला की लोडिंगवाल्यांना खुर्ची येणार आहे हेच कळत नाही.

(दृष्टिहीनांसाठी, कर्णबधिरांसाठी, बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीही स्वतंत्र कोड आहेत. ऑटिझम असलेल्या मुलाचे पालक हे वाचत असतील तर 'डीपीएनए' हा कोड मागा. व्हीलचेअर मागून काम भागवू नका. तुम्हाला रांगेतून सुटका आणि शांत जागा हवी असते, खुर्ची नव्हे.)

तिकीट काढल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर पत्र पाठवा, निदान ४८ तास आधी तरी पोहोचेल असे. कोड, खुर्चीची लांबी-रुंदी-उंची घडी घातलेली आणि न घातलेली, वजन, बॅटरीचा प्रकार, भावाला लागणारी मदत, आणि 'मी एकटा प्रवास करत आहे, स्वावलंबी आहे' हे वाक्य. उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. ते उत्तर म्हणजेच तुमची लेखी परवानगी. सीटही याच पत्रात मागा : वर होणारा आर्मरेस्ट असलेली आणि खिडकीकडची. सरकवून बसवायला वर होणारा आर्मरेस्ट लागतो, आणि खिडकीकडे बसले की शेजारच्यांना ये-जा करायला त्याला ओलांडावे लागत नाही. आपत्कालीन दाराजवळची रांग मिळणार नाही, तिथे भांडू नका, तो सुरक्षेचा नियम आहे. गरजेपोटी लागणाऱ्या सीटचे वेगळे पैसे मागितले, तर कोणत्या नियमाने, ते लेखी विचारा. तिकिटाव्यतिरिक्त एक पैसाही खर्च न होता प्रवाशाला निघताना विमानापर्यंत आणि पोहोचल्यावर आगमन कक्षाच्या बाहेरपर्यंत नेणे ही कंपनीचीच जबाबदारी आहे. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला कोणी खुशीने चहापाणी दिले तर तो त्याचा प्रश्न, पण ती फी नव्हे.

जाता जाता एक. अमेरिकेला मुलांकडे निघालेले आपले कितीतरी आजी-आजोबा चालता येत असूनही व्हीलचेअर मागतात, कारण इमिग्रेशनला इंग्रजी बोलावे लागेल या धास्तीने जीव अर्धा झालेला असतो. त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्यांची गरज 'माणूस सोबत द्या' ही आहे, आणि तिच्यासाठी 'मीट अँड असिस्ट' नावाची सेवा असते, कोड एमएएएस. तो घातला तर खुर्ची खरी गरज असलेल्याला मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून उतरलेल्या वृद्ध दांपत्याने दोन व्हीलचेअर मागितल्या होत्या, एकच आली. ऐंशी वर्षांचे पती चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले, त्यातच गेले. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. खुर्ची आली नाही तर थांबायचे, विमानाच्या दारातून हलायचे नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निघण्याआधी बजावून ठेवा. विमानातला शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत कर्मचाऱ्यांनाही तिथून हलता येत नाही.

आता बॅटरी. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती काढून हातातल्या बॅगेत, केबिनमध्ये न्यायची असते. खुर्ची खाली सामानात जाते. मर्यादा ३०० वॉट-अवर. खुर्ची चालायला दोन बॅटऱ्या लागत असतील, तर प्रत्येकी १६० वॉट-अवर. हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, चालेल. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, काठावर पण चालेल. २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवर म्हणजे ४८०, ती विमानात जाणार नाही, आणि याबाबतीत कंपनी चूक नाही. लिथियम पेटली तर हवेत विझवणे फार अवघड असते. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक घडीच्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंना एकेक मोठी बॅटरी असते. त्यातल्या एकीवरही खुर्ची चालत असेल तर दुसरी घरी ठेवा. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील तर उत्पादकाकडून लेटरहेडवर लिहून आणा, आणि हे आधी करा. सुरक्षा तपासणीला व्होल्टचा गुणाकार कोणी ऐकून घेत नाही. टोकांना इन्सुलेशन टेप लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. जेल किंवा ड्राय बॅटरीचे नियम वेगळे आणि सोपे आहेत : न सांडणारी असेल तर ती खुर्चीलाच घट्ट बसवलेली राहू शकते, फक्त सर्किट तोडलेले आणि टोके झाकलेली हवीत.

विमानतळावर अडीच तास आधी पोहोचा. पुण्याचे नवे टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाले, तिथे एरोब्रिज आहेत, त्यामुळे जुन्या इमारतीतली ओढाताण कमी झाली आहे. तरी तुमच्या विमानाला एरोब्रिजच मिळेल याची खात्री कोणी देत नाही. चेक-इनला खुर्ची काढून घेऊन विमानतळाची खुर्ची पुढे करतील. स्वतःची खुर्ची वापरण्याचा पर्याय नियमात आहे, मापात बसणारी खुर्ची असेल तर. भावाचे शरीर त्या खुर्चीच्या मापाने बसते. विमानतळाच्या सरसकट खुर्चीत तासभर बसल्यावर पाठ धरते. विमानाच्या दारापर्यंत माझी खुर्ची आणि उतरल्यावर दारातच परत, असे आधीच्या ईमेलमध्येही लिहा आणि गेटवर लावायच्या टॅगवरही लिहून घ्या.

सुरक्षा तपासणीत सीआयएसएफचे जवान असतात. ज्याला उभे राहता येत नाही त्याला उभे राहा म्हणायचे नाही. बसल्या जागी हाताने तपासणी आणि स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या यंत्राचा बोळा फिरवून खुर्चीची तपासणी, ही पद्धत आहे. आडोसा मागायचा हक्क आहे, तपासणारा आपल्याच लिंगाचा असावा हाही. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांचा छळ वर्षानुवर्षे चालला होता. २०२१ मध्ये नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी दर वेळी पाय काढायला लावतात म्हणून जाहीर व्हिडिओ टाकला, तेव्हा सीआयएसएफला माफी मागावी लागली. नामांकित बाईची ही गत, तर बाकीच्यांची काय असेल याचा अंदाज करा.

विमानाच्या दारात आपली खुर्ची सोडून आइल चेअरवर, म्हणजे सीटच्या रांगांमधून जाईल अशा अरुंद खुर्चीवर बसावे लागते. तिला पट्टे असतात, ते लावायला सांगा. उचलून नेऊ का, असे कोणी विचारले तर नको म्हणा. उचलणारी पोरे लोडिंगची असतात, माणूस कसा धरायचा हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि काखेत हात घालून खेचल्याने खांदे निखळलेले मी पाहिले आहेत. एरोब्रिज नसेल तर अँब्युलिफ्ट मागायची. ही खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दाराच्या उंचीपर्यंत वर नेणारी गाडी. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत तिची वाट बघावी लागली तरी मिळते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने एरोब्रिज नसलेल्या काही लहान विमानतळांसाठीही ती घेतली. आपल्या शेजारच्या बेळगाव आणि हुबळीची नावे त्या यादीत आहेत. कोल्हापूर, नाशिक, जळगावसारख्या ठिकाणी मात्र बुक करण्याआधी विचाराच. तिथे बऱ्याचदा एटीआर जातीचे पंखेवाले विमान येते, त्याच्या सामानाच्या कप्प्यात मोठी इलेक्ट्रिक खुर्ची मावत नाही. तेव्हा 'खुर्ची नाकारली' म्हणून तक्रार करण्याआधी मापे बघा.

खुर्ची मोडली तर? ही सगळ्यांत दुखरी जागा. खुर्ची कंपनीच्या लेखी 'सामान' असते, आणि देशांतर्गत उड्डाणावर सामानाच्या नुकसानीची मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. एवढ्यात नवी इलेक्ट्रिक खुर्ची येत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला मॉन्ट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ पासून आहे. तिथली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर सूटकेस होती, एखाद्याचे पाय नव्हते. अमेरिकेत या मोडतोडीवर आता सरकारचे लक्ष गेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहन विभागाने अमेरिकन एअरलाइन्सला ५ कोटी डॉलरचा दंड ठोकला, त्यात हजारो खुर्च्यांची हेळसांड हे मोठे कारण होते.

मर्यादा ओलांडायचे दोन मार्ग आहेत. एक, खुर्ची ताब्यात देताना तिच्या किमतीची 'विशेष घोषणा' करायची आणि मागितले तर जादा शुल्क भरायचे. मग मर्यादा त्या घोषित किमतीइतकी वाढते. चेक-इनवर हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून घोषणा आधी ईमेलने पाठवा, खरेदीची पावती जोडा आणि एक प्रत काउंटरवर सही-शिक्क्यासह घ्या. दुसरा, नुकसान बेफिकिरीने किंवा जाणूनबुजून झाले हे सिद्ध करायचे. ते कठीण, पण व्हिडिओ असेल तर अशक्य नाही. खरा उपाय मात्र मोडू न देण्याचा. जॉयस्टिक आणि उशी काढून केबिनमध्ये न्या. मोटर मोकळी करायची कळ कुठे आहे, कुठे धरून उचलायचे आणि कुठे धरायचे नाही, हे बाणांसह एका कागदावर छापून, प्लॅस्टिकचे आवरण घालून पाठीला बांधा. हिंदीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, चित्रासह. लोडर ब्रेक लागलेली खुर्ची ओढतो ती दुष्टपणाने नव्हे, कळ सापडत नाही म्हणून. खुर्ची देतानाचा चारही बाजूंनी व्हिडिओ, आणि परत घेतानाचा दुसरा. मोडलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी नुकसानीचा अहवाल लिहून घ्या, आणि सात दिवसांच्या आत कंपनीला लेखी तक्रार पाठवा. ही सात दिवसांची मुदत चुकली की पुढचा दावा जवळजवळ संपतो. न्यायालयात जायची मुदत दोन वर्षे.

जर्मनीबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाचा २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम तिथे चालतो. त्यात मदत देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर नसून विमानतळावर असते, म्हणून फ्रँकफर्टला कंपनीच्या काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. विमानतळाच्या मदत केंद्राकडे जायचे. ४८ तासांची पूर्वसूचना तिथेही आहे, ती कंपनीला द्यायची आणि कंपनी पुढे कळवते. चालण्या-फिरण्याची दोन साधने मोफत नेता येतात. युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला हा नियम लागतो. मुंबईहून जाताना युरोपीय कंपनीचे विमान असेल तर त्यातला बराचसा भाग इथूनच लागू होतो. अमेरिकेला कधी गेला तर तिथे १९८६ चा एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट आहे. अडचण आली की 'सीआरओला बोलवा' एवढे म्हणायचे. तक्रार मिटवणारा असा अधिकारी हजर किंवा फोनवर ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे, अमेरिकेत ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही.

तक्रार कुठे करायची. आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी; दोघांची नावे वेबसाइटच्या तळाशी असतात. त्याच दिवशी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद करा, म्हणजे तारीख पक्की होते. दिव्यांग म्हणून भेदभाव झाला असेल तर दिल्लीतल्या मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज करायचा. त्यांना साक्षीदार आणि कागद बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आपले राज्याचे आयुक्त पुण्यात बसतात, पण विमान वाहतूक हा केंद्राचा विषय असल्याने तिथे अर्ज केला तर वेळ जातो. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विमान कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील नसला तरी चालतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये लोकांसमोर मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. ते कलम काउंटरवर कोणाच्या तोंडावर फेकू नका, खरोखर अपमान झाला असेल तर पोलिसांकडे घेऊन जा.

मला विचाराल तर खुर्ची मोडली असेल तेव्हा थेट ग्राहक आयोगाचा रस्ता धरा, बाकीच्या ठिकाणी पत्रव्यवहारातच महिने जातात. विमानात घेतलेच नाही, तर दिल्लीतले मुख्य आयुक्त आणि डीजीसीए यांना एकाच दिवशी एकच पत्र, आणि त्याला तो लेखी नकार जोडलेला.